फिनेस्त्रेच्या पलीकडची शर्यत

३१ मे २०२५ रोजी जिरो द'इतालिया या इटलीच्या तीन आठवड्यांच्या सायकलशर्यतीचा विसावा टप्पा पार पडला आणि चाहत्यांमध्ये एक वाद पेटला. त्या सकाळी गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण वेळेतली आघाडी, मेक्सिकोच्या २१ वर्षांच्या इसाक देल तोरोच्या अंगावर होती. इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ त्याच्या ४३ सेकंद मागे होता, तर इंग्लंडचा सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. व्हेरेसहून निघून सेस्त्रिएरेला संपणाऱ्या २०५ किलोमीटरच्या वाटेवर कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा घाट होता. घाटाच्या पायथ्याशी कारापाझने हल्ला चढवला, देल तोरो त्याच्या चाकाला चिकटला, मागून येट्स आला आणि थोड्या वेळाने दोघांना मागे टाकून निघून गेला. उरलेले दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी रोममध्ये शर्यत संपली तेव्हा येट्स ३ मिनिटे ५६ सेकंदांनी विजेता होता. तेव्हापासून प्रश्न विचारला जातो तो एकच: चूक कोणाची? काहींच्या मते देल तोरो कच्चा पडला, जर्सी त्याची होती तर पाठलागही त्यानेच करायला हवा होता. काहींच्या मते २०१९ चा विजेता असलेल्या मुरब्बी कारापाझने मत्सरापायी हातची शर्यत घालवली. आणि काही जण म्हणतात, चूक कोणाचीच नाही. डोंगरावर जो बलवान ठरला, तो जिंकला.

या तिन्ही उत्तरांमागे एक समज आहे: डोंगर माणसाला एकटे पाडतो आणि तिथे ज्याच्या पायात जोर, त्याचीच शर्यत. आपल्याकडे मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, त्या किताबातही हाच विश्वास आहे. घाटापुरता तो खराही आहे. पण घाट म्हणजे अख्खी शर्यत नव्हे. माझे म्हणणे असे, की चढ शर्यत फोडतो, पण निकाल बहुतेकदा लागतो तो फुटलेल्या तुकड्यांत पुढे कोण कोणाला साथ देतो आणि कोण नाकारतो यावर. फिनेस्त्रे हा त्यासाठी उत्तम पुरावा आहे, कारण २००५, २०१८ आणि २०२५ या तीन वर्षी या एकाच घाटाने तीन वेगवेगळे निकाल घडवले. तिन्ही वेळा शिखरावरचे अंतर आणि शेवटी मिळालेले अंतर यांत मोठी तफावत पडली, आणि तिचे कारण दर वेळी शिखराच्या पलीकडे सापडते.

आधी घाट समजून घेऊ. फिनेस्त्रेचा चढ १८.५ किलोमीटर लांब असून सरासरी चढण ९.२ टक्के, म्हणजे दर १०० मीटरला सव्वानऊ मीटर उंची. माथा २,१७८ मीटरवर आहे आणि शेवटचे सुमारे आठ किलोमीटर डांबर नाही, खडीमातीचा रस्ता आहे. असा चढ चढायला काय लागते याचा ढोबळ हिशोब कोणालाही करता येतो. स्वार, सायकल, कपडे, पाणी मिळून ७० किलो वजन धरा. हे वजन १,७०० मीटर उंच उचलायचे म्हणजे साधारण ११ लाख ७० हजार ज्यूल ऊर्जा. उत्तम स्वाराला या चढाला तासभर लागतो; म्हणजे निव्वळ गुरुत्वाकर्षणाशी झुंजायला सव्वातीनशे वॅट. या वेगाला, ताशी साडेअठरा किलोमीटरला, हवेचा विरोध मोडायला लागतात जेमतेम वीस-पंचवीस वॅट. सपाटीवर दुसऱ्याच्या मागे राहिल्याने जी मोठी बचत होते, ती इथे नगण्य ठरते, कारण वाचवण्याजोगे काही उरतच नाही. म्हणून फिनेस्त्रेवर संघ विस्कटतात, मदतनीस एकेक करून गळतात आणि वजनाच्या मानाने ज्याची ताकद जास्त तो उघडा पडतो. डोंगर माणसाला एकटे पाडतो हे म्हणणे इथवर शास्त्राला धरून आहे.

पण माथा ओलांडला की गणित फिरते. हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ती आठपट होते. २०२५ च्या टप्प्यात फिनेस्त्रेच्या माथ्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत तीस किलोमीटरांहून थोडे कमी अंतर होते: आधी उतार आणि मग सेस्त्रिएरेचा सोळाएक किलोमीटरचा सौम्य चढ, सरासरी चार टक्क्यांच्याही आतला. अशा चढावर ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्या त्याच ७० किलोंना गुरुत्वाकर्षणासाठी सव्वादोनशे वॅटही लागत नाहीत, पण हवेसाठी नव्वदेक वॅट लागतात. एकूण कष्टाचा पाव भागाहून जास्त वाटा आता हवेचा असतो. म्हणजे पुढे कोणी वारा अंगावर घेणारा असेल तर मागच्याची बचत ठळक असते, आणि दोघांनी आळीपाळीने पुढे राहिले तर दोघांचा मिळून वेग एकट्यापेक्षा वाढतो. चार टक्क्यांच्या चढावर आडोशाला पुन्हा किंमत येते आणि आडोसा हवा तर माणूस हवा. ज्या स्वाराने घाटात सगळ्यांना मागे टाकले, तोही इथे आल्यावर कोणाच्या तरी मदतीचा मोताद होतो, आणि ज्यांना त्याने मागे टाकले त्यांना एकत्र येऊन त्याला गाठण्याची संधी मिळते.

आता २०२५ चे आकडे पाहा. फिनेस्त्रेच्या माथ्यावर येट्सची आघाडी दीड मिनिटाहून थोडी जास्त होती. सकाळच्या १ मिनिट २१ सेकंदांच्या पिछाडीचा विचार करता तो शर्यतीत किंचित पुढे गेला होता, पण फक्त किंचित. शेवटच्या रेषेवर हीच आघाडी पाच मिनिटांच्या पुढे गेलेली होती. म्हणजे सर्वांत अवघड, सर्वांत चढणीच्या आणि खडीच्या भागात, सुमारे एक तासाच्या कष्टात, येट्सने प्रतिस्पर्ध्यांपेक्षा तीन टक्क्यांच्या आसपास कमी वेळ घेतला. त्यानंतरच्या सोप्या भागात, पाऊण तासाच्या आतबाहेरच्या अवधीत, त्याने साडेतीन मिनिटे आणखी मिळवली, म्हणजे सात-आठ टक्के. पायांतली ताकद हेच एकमेव कारण असते तर उलटे व्हायला हवे होते: चढ जितका तीव्र, तितका फरक मोठा. सोप्या रस्त्यावर फरक दुपटीहून वाढतो तेव्हा पाय सोडून दुसरे कारण शोधावे लागते. ती कारणे दोन होती. पुढे वाउट व्हान आर्त होता आणि मागे दोघांमधला नकार.

व्हान आर्त हा बेल्जियमचा धिप्पाड स्वार, सपाटीवरच्या वेगासाठी आणि वेळेविरुद्धच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध. आघाडीच्या चढाईपटूंबरोबर फिनेस्त्रे चढणे त्याच्या शरीराला परवडणारे नव्हते. म्हणून त्याच्या संघाने, व्हिस्मा–लीज अ बाइकने, त्याला दिवसाच्या सुरुवातीलाच पळालेल्या टोळीत पुढे पाठवले. त्या टोळीला मिळालेल्या मिनिटांच्या शिदोरीवर तो स्वतःच्या गतीने घाट चढला आणि पलीकडे येट्सची वाट पाहत थांबला. येट्स खाली आला, त्याच्या मागे लागला आणि दरीत व सेस्त्रिएरेच्या खालच्या चढावर व्हान आर्तने वारा अंगावर घेत त्याला ओढत नेले. हा डाव नवा नाही. २०११ च्या टूर द फ्रान्समध्ये गालिबिये घाटावर संपणाऱ्या टप्प्यात अँडी श्लेकने इझोआर घाटावर, रेषेपासून सुमारे ६० किलोमीटर आधी हल्ला केला होता, तेव्हाही त्याच्या संघाचे दोन सोबती, माक्सिम मोंफोर आणि योस्ट पोस्टुमा, आधीच पुढच्या टोळीत पेरलेले होते. त्यांच्यामुळेच घाटांमधल्या उघड्या रस्त्यावर तो तग धरू शकला आणि टप्पा जिंकला. असे डाव हल्ल्याच्या कित्येक तास आधी, टोळीत कोण जाणार यापासून सुरू होतात. टीव्हीवर दिसतो तो फक्त शेवटचा अर्धा तास, आणि म्हणून साऱ्या यशाचे श्रेय एकट्याच्या धाडसाला मिळते.

मागे काय घडले ते समजायला दोघांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे लागते. घाटाच्या वरच्या टप्प्यात दोघांपाशीही स्वतःच्या संघाचा मदतनीस उरला नव्हता. कारापाझ ४३ सेकंद मागे होता. त्याने येट्सला गाठण्यासाठी जीव तोडून ओढले असते तर त्याच्या आडोशाला ताजातवाना राहिलेला देल तोरो जर्सीसकट रोमला पोचला असता. कारापाझच्या वाट्याला पुन्हा दुसरे स्थानच. देल तोरोने ओढले असते तर दमलेल्या देल तोरोवर कारापाझ शेवटच्या किलोमीटरांत हल्ला करणार हे उघड होते, कारण दिवसभर तो तेच करत आला होता. दोघांनीही आपापल्या जागी बसून विचार केला तर न ओढण्यातच शहाणपण दिसत होते. पाठलागाचा खर्च जो ओढेल त्याचा एकट्याचा. फायदा मात्र दोघांचा, आणि त्यात जास्त वाटा न ओढणाऱ्याचा. अशा मांडणीत दोन सुज्ञ माणसेही असा निकाल पदरात घेतात जो दोघांनाही नको असतो. म्हणूनच चूक कोणाची हा प्रश्न मला अपुरा वाटतो. एकट्या देल तोरोचा किंवा एकट्या कारापाझचा निर्णय वेडेपणाचा नव्हता. दोन्ही निर्णय एकत्र आले तेव्हा घात झाला. याचा सर्वांत बोलका पुरावा अंतिम तक्त्यात आहे. टप्प्याच्या सकाळी या दोघांमधले अंतर ४३ सेकंद होते. रोममध्ये ते ४७ झाले. एवढ्या परस्पर पाळतीतून दोघांमध्ये बदलले ते चार सेकंद, आणि त्या चार सेकंदांपायी दोघांनीही येट्सला पाच मिनिटांहून अधिक वेळ बहाल केला.

एकच घटना योगायोग असू शकते, म्हणून याच घाटावरचा २०१८ चा टप्पा पाहू. २५ मे २०१८ रोजी गुलाबी जर्सीत होता हाच सायमन येट्स. टॉम ड्युमूलां त्याच्या २८ सेकंद मागे होता आणि ख्रिस फ्रूम तब्बल ३ मिनिटे २२ सेकंद मागे, चौथ्या जागी. फ्रूमच्या स्काय संघाने फिनेस्त्रेच्या पायथ्यापासूनच वेग असा वाढवला की येट्स कोलमडला. त्या दिवशी तो ३८ मिनिटांहून अधिक मागे पडला. खडीच्या भागात, रेषेपासून ८० किलोमीटर आधी, फ्रूम एकटा निघाला. ही मोहीम आजही एकट्याच्या पराक्रमाचा आदर्श म्हणून सांगितली जाते आणि माझ्या म्हणण्यावरचा एक जोरदार आक्षेपही हाच आहे: ८० किलोमीटर एकट्याने जाऊन जिंकता येत असेल तर साथीचे महत्त्व उरले कुठे? पण अंतरे कुठे वाढली ते पाहा. माथ्यावर फ्रूम ड्युमूलांच्या मिनिटभरही पुढे नव्हता. मिनिटे वाढली ती नंतर, उतारात आणि दरीत. मागे पाच जण होते: ड्युमूलां, तिबो पिनो, पिनोचा मदतनीस सेबास्तियाँ रायशेनबाख, मिगेल आंखेल लोपेझ आणि रिचर्ड कारापाझ. रायशेनबाखला जोडीला घ्यावे म्हणून ड्युमूलां त्याच्यासाठी थांबला, आणि उतारात तो फ्रूमइतका वेगवान नव्हता. लोपेझ आणि कारापाझ यांची आपसात तरुण स्वारांच्या पांढऱ्या जर्सीसाठी चुरस होती, त्यामुळे त्यांनी ओढण्यात हात आखडता घेतला. पाच जण असूनही ते एका माणसापेक्षा हळू गेले. टप्पा जिथे संपत होता त्या बार्दोनेक्कियाच्या वरच्या शेवटच्या घाटावर, जिथे पुन्हा पायांचीच परीक्षा होती, तिथे अंतर फारसे हलले नाही. ड्युमूलां ३ मिनिटे २३ सेकंद मागे आला, फ्रूमच्या अंगावर गुलाबी जर्सी चढली आणि जिरो त्याने ४६ सेकंदांनी जिंकला.

फ्रूमही तसा एकटा नव्हता. घाट फोडून देणारा संघ आधी त्याचाच होता, आणि रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी त्याच्या संघाची माणसे खाणे आणि पाणी घेऊन उभी केलेली होती. त्यामागचे कारण शरीरशास्त्राचे आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन सुमारे दोन हजार कॅलरींच्या आसपास भरते, आणि असा टप्पा त्याच्या दुपटीहून कितीतरी जास्त ऊर्जा मागतो. चरबी हळू जळते, त्यामुळे तीव्र चढावर ही साठवलेली साखर संपली की शक्ती एकदम ओसरते. दर तासाला ठरावीक ग्रॅम साखर पोटात गेली नाही तर सर्वांत बलवान स्वारही लवकरच निकामी होतो. आणि सगळे पाणी-खाणे सोबत वाहून नेले तर प्रत्येक जादा किलो १,७०० मीटर उचलावा लागतो. म्हणून कोणत्या वळणावर कोण बाटली देणार याचे नियोजन हे चढाईच्या ताकदीइतकेच विजयात मोजावे लागते.

तिसरा दाखला उलट्या बाजूचा आहे आणि म्हणून जास्त मोलाचा. २००५ मध्ये फिनेस्त्रे पहिल्यांदाच जिरोत आला, आणि तेव्हाही टप्पा सेस्त्रिएरेलाच संपत होता. गुलाबी जर्सीतला पाओलो साव्होल्देल्ली २ मिनिटे ९ सेकंदांच्या आघाडीसह निघाला होता. घाटात जिल्बेर्तो सिमोनी, दानिलो दी लुका आणि होसे रुहानो यांनी त्याला मागे टाकले. चढाईच्या बळावर निकाल लागणार असता तर जर्सी गेली होती. पण साव्होल्देल्ली उतारात अत्यंत पटाईत होता, आणि पुढच्या रस्त्यावर दुसऱ्या संघांच्या स्वारांच्या सोबतीने त्याने नुकसान आवरले. टप्पा रुहानोने जिंकला, सिमोनी दुसरा आला, आणि साव्होल्देल्लीने जिरो २८ सेकंदांनी राखला. २०२५ मध्ये देल तोरो ज्या जागी होता त्याच जागी, त्याच घाटापलीकडे तो होता. फरक एवढाच की त्याला पाठलागात साथ मिळाली आणि देल तोरोला मिळाली नाही.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा: येट्सला २०२५ मध्ये व्हान आर्तसारखा सोबती मिळाला, मग मागच्यांनी कितीही सहकार्य केले असते तरी काय फरक पडला असता? हे मान्य करायलाच हवे की माथ्यावरच येट्स पुढे गेला होता आणि ती आघाडी त्याने पायांनी कमावली होती. पाठलाग झाला असता तर देल तोरो जिंकलाच असता असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण माथ्यावर गरजेपेक्षा वीसेक सेकंद जास्त असलेल्या आघाडीची शर्यत आणि शेवटी चार मिनिटांची झालेली शर्यत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत निकाल उघडा होता. तो बंद केला सोबतीने आणि नकाराने. शिवाय व्हान आर्त तिथे असणे ही देखील चढाईची ताकद नव्हती, ती संघाची आखणी होती. आक्षेप खरा मानला तरी तो माझ्याच बाजूने बोलतो.

दुसरा आक्षेप संशयाचा आहे. सायकलिंगच्या इतिहासात मोठी कामगिरी पाहून शंका येणे अन्याय्य नाही. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ही सात टूर विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेतली गेली, हे चाहते विसरलेले नाहीत. २०१८ च्या जिरोच्या वेळी फ्रूमवरचे साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाचे प्रकरणही मिटलेले नव्हते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने ते त्याच वर्षी जुलैत, कारवाई न करता, बंद केले. पण इथला मुद्दा कोणाच्या शरीरात किती शक्ती होती हा नाही. वेळ कुठे मिळाला आणि कुठे गेला हा आहे, आणि ते कोष्टक कोणत्याही संशयाने बदलत नाही. तिसरा आक्षेप भावनेचा: असा हिशोब मांडला की शर्यतीतला थरार उरत नाही, सात वर्षे आधी ज्या घाटावर हरला त्याच घाटावर जिंकलेल्या येट्सची गोष्ट फिकी पडते. मला तसे वाटत नाही. २०१८ मध्ये जो स्वार स्वतःचे बळ संपल्यावर एकटा पडला, तोच २०२५ मध्ये आपला हल्ला आणि आपल्या सोबत्याची जागा यांची सांगड घालून जिंकला, हे कळल्यावर ती गोष्ट नशिबाची न राहता समजुतीची होते, आणि अधिक मोठी होते.

म्हणून डोंगरी टप्प्यानंतर होणाऱ्या चाहत्यांच्या वादाला मी वायफळ मानत नाही; तो खेळाचा गाभा चाचपत असतो. फक्त प्रश्न बदलायला हवा. घाटात कोण बलवान, हे माथ्यावरचे घड्याळ सांगून टाकते. खरी चर्चा त्यापुढची आहे: माथ्यापलीकडे किती रस्ता उरला आहे, तिथे हवेचा वाटा किती, पुढच्या टोळीत कोणाचा माणूस पेरलेला आहे, आणि मागे राहिलेल्यांपैकी कोणाला दुसरे स्थान गमवण्याची भीती पहिले जिंकण्याच्या आशेपेक्षा मोठी वाटते. कारापाझ २०१८ आणि २०२५ या दोन्ही फिनेस्त्रेंवर पाठलाग न करणाऱ्यांत होता, दोन्ही वेळा त्याच्यापाशी सयुक्तिक कारण होते, आणि दोन्ही वेळा त्या कारणाचा फायदा पुढे गेलेल्या माणसाला झाला. शेजारच्या स्वाराला हरवण्यात गुंतलेला खेळाडू पुढच्याला जिंकवतो, हे सायकलशर्यत इतर कोणत्याही खेळापेक्षा स्पष्टपणे दाखवते, कारण इथे पाठलागाचा खर्च वॅटमध्ये आणि नकाराची किंमत सेकंदांत मोजता येते.